मान्य आहे म्हणण्याआधी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'मला या अटी मान्य आहेत' अशी जी चौकट येते, तिच्यावर टिचकी मारण्याआधी वरचा मजकूर खरोखर वाचणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आपण सगळे ती चौकट डास मारावा तशी मारतो आणि पुढे जातो. आमचे भावोजी आधी चष्मा पुसतात, खुर्ची खिडकीकडे ओढतात आणि हर्णेच्या बर्फाच्या फॅक्टरीतल्या त्या दमट ऑफिसात बसून पहिल्या कलमापासून सुरुवात करतात. इंग्रजी वाक्याचं मनातल्या मनात मराठी करायचं, ते ओठांनी पुटपुटायचं आणि मग बराच वेळ समुद्राकडे बघत राहायचं, अशी त्यांची पद्धत. बाहेर बोटींवरचे लोक बर्फासाठी कंठशोष करत असतात. भावोजी तिकडे 'वाजवी वापर' म्हणजे नेमका किती, या विचारात बुडालेले.

फॅक्टरीचं बिल ज्या प्रोग्रॅमवर निघतं, त्याच्या कंपनीला अटी बदलण्याचा भारी सोस. दर थोड्या दिवसांनी नवा मसुदा येतो. भावोजी तो छापून घेतात, जुन्या कागदावर ठेवतात आणि दोन्ही एकत्र खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघतात, म्हणजे कुठली ओळ सरकली ते कळतं म्हणे. एकदा संध्याकाळी मासळीचा लिलाव ऐन रंगात आला असताना ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "कलम नऊमधला 'कायमस्वरूपी' काढला रे त्यांनी." मला वाटलं, कोणी गेलं की काय! त्या रात्री त्यांनी सुरमईच्या आमटीलाही नीट हात लावला नाही. "केवढा शब्द होता," एवढंच म्हणाले. "माणूस माणसाला देत नाय असा शब्द." ताई वाढता वाढता म्हणाली, "लग्नाआधी माझ्या अटी एवढ्या वाचल्या असत्यात, तर दोघंही सुटलो असतो." भावोजी तंद्रीतच हसले. आमच्या ताईने त्यांच्या त्या तंद्रीशीच संसार केला आहे, आणि खरं सांगायचं तर सुखाने केला आहे.

पण हे वेड उगाच नाही. फॅक्टरीचे मालक, ज्यांना सगळा गाव चाचा म्हणायचा, त्यांनी तो प्रोग्रॅम स्वतःच्या नावावर घेतला होता. चाचा गेले, मुलगे आखातात, आणि फॅक्टरी भावोजींच्या भरवशावर. प्रोग्रॅम उघडायचा तर रोज सकाळी एक नंबर येतो आणि तो येतो चाचांच्या मोबाईलवर. तो मोबाईल बुरोंडीला चाचींच्या उशाशी असतो. भावोजी फोन करतात. चाची चष्मा शोधतात, एकेक आकडा सावकाश सांगतात, आणि मग विचारतात, कोणाची बोट आली, बांगडा लागला काय, वारा कसा आहे. चाचा रोज जेवताना जे सांगायचे, ते आता चाची त्या फोनवर विचारून घेतात. "तो मोबाईल सरळ फॅक्टरीत का आणून ठेवत नाही?" असं मी एकदा विचारलं, तर भावोजी माझ्याकडे असे बघत राहिले की मी विषय बदलला. आणि त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं की हा नंबर कुणालाही सांगू नका! सगळ्या अटी तोंडपाठ असलेला हा माणूस रोज सकाळी त्यातली पहिलीच मोडतो. मी चिडवलं की म्हणतात, "अनधिकृत माणसाला सांगू नये असा लिवलाय. मी अनधिकृत काय?"

यंदा मासेमारीच्या बंदीत, बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असताना, नवा मसुदा आला. खातेदार हयात असल्याची खात्री करून द्या, नाहीतर खातं बंद. दापोलीचा कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला, "दोन मिनिटांचं काम, तुमचं नाव आणि नंबर टाका, विषय संपला." भावोजींनी तो विषय संपू दिला नाही. बोटी निघायचे दिवस आले, बोटी चालवणारे तांडेल ऑफिसात चकरा मारायला लागले, आणि हे आपले खिडकीशी वाचताहेत. शेवटी एका दुपारी अगदी तळाच्या बारीक अक्षरांत त्यांना वाट सापडली. खातं वारसाच्या नावावर होऊ शकतं, आणि नंबर तोच राहू शकतो.

मी त्यांना बुरोंडीला घेऊन गेलो. चाची पडवीत बसल्या होत्या. भावोजींनी सगळी कलमं मराठीत वाचून दाखवली, एकही न गाळता. मी दोनदा पेंगलो. चाची मात्र एकटक ऐकत होत्या.

"म्हणजे ह्यांचा नाव जाणार?" त्यांनी मधेच विचारलं.

भावोजी कागदातून वर बघेनात. "जाणार, चाची. बिलावरूनसुद्धा."

"आणि कोणाचा येणार?"

"तुमचा."

चाची बराच वेळ मोबाईलची काच पदराने पुसत राहिल्या. "मग येऊ दे," त्या म्हणाल्या. "परक्याचा आला असता तर मला सोसला नसता. कुठे दाबू ते सांग."

भावोजींनी दाखवलं. चाचींनी चौकटीवर बोट ठेवलं आणि ते उचलायला मात्र फार वेळ लावला.

परतताना भावोजी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांची पोटभर टिंगल केली, पण त्या संध्याकाळी मला हा माणूस फार आवडला, आणि तसं सांगायला जीभ काही वळली नाही. "झालं ना आता मनासारखं?" एवढंच विचारलं.

"यंदापुरता झाला," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी परत काय तरी बदलतील. चाची आहेत तोवर वाचत राहायला हवा."