सख्खे आजोबा

आजोबा हा शब्द घरात ऐकला तर सायीसारखा लागतो. चारचौघांत ऐकला तर मिरचीसारखा. आमच्या सलूनमधल्या दादांना तो भर गिऱ्हाइकांत ऐकावा लागला.

दादांचं डोकं तिशीतच पांढरं झालं होतं. आता पन्नाशी जवळ आली, लग्न केलेलंच नाही. जगाचे केस काळे करणारा हा माणूस स्वतःच्या डोक्याला ब्रश लावू देत नसे. अशात शेजारच्या खुर्चीवर नवा कारागीर आला. मिशा पिळणारा, चांगला बाप्या गडी. आल्या आल्या गिऱ्हाइकांना सांगू लागला, "इकडे बसा साहेब, आजोबांचा हात आता थरथरतो."

हात मुळीच थरथरत नव्हता. पण बायको नाही, पोर नाही आणि एकदम आजोबा! जुनी गिऱ्हाइकंसुद्धा नजर चुकवून पलीकडे बसू लागली. दादा दिवसभर रिकामी खुर्ची पुसत राहिले. मी म्हटलं, भांडा की. तर म्हणाले, घरच्या माणसाशी कसलं भांडण?

दुसऱ्या दिवसापासून दादा आजोबा झाले. अगदी सख्खे. गड्याने वस्तरा उचलला की इकडून काळजीचा सूर, "बाळा, सांभाळून रे. धार असते त्याला." मध्येच उठून त्याच्या शर्टाचं बटण लावायचे, घाम पुसायचे. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी आला की हात जोडून सांगायचे, जरा हलू नका साहेब, लेकरू आहे अजून. गडी चिडला की गिऱ्हाईकच त्याला दटावे, म्हातारं माणूस मायेनं बोलतंय, ऐकावं.

एकाला आजोबा केलं की दुसऱ्याला नातू व्हावं लागतं, हे गड्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि नातवाच्या हाती आपला गळा कोण देतो?

एका सकाळी शाळेचे हेडमास्तर अर्ध्या गालावर फेस असतानाच गड्याच्या खुर्चीतून उठले आणि दादांच्या खुर्चीत येऊन बसले.

गडी जवळ आला. हळूच म्हणाला, "दादा, चुकलं माझं. पुरे करा आता."

दादांचा वस्तरा थांबला नाही. "मोठ्याने बोल. आजोबा म्हणताना कुठे हळू बोलला होतास?"

"चुकलं, दादा." आता सगळ्या सलूनने ऐकलं.

"शहाणं बाळ ते," दादा म्हणाले, आणि बाकावरच्या पुढच्या माणसालाही आपल्याच खुर्चीसाठी थांबायला सांगितलं.