एकवीस दिवसांचं पाणी

"याला काहून इचारता साहेब? याचा बाप अंगठा लावायचा, हे पेनानं लावतंय. तेवढाच फरक."

गुत्तेदार माझ्याकडं न बघताच बोलला. इंजिनिअर हसले. सरपंच हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. आमच्या तांड्यावर शाळेची नवी खोली बांधली. जूनमध्ये पोरं आत बसली आणि महिन्याभरात छताचा खपला निखळून चौथीतल्या सविताच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. म्हणून ही पाहणी. बांधकामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार गावातला बडा जमीनदार. आणि शिक्षण समितीतर्फे बांधकामावर नजर ठेवणारा सदस्य मी. तांड्यातला पहिला बी.ए.

स्लॅब टाकला की त्यावर आळी करून एकवीस दिवस पाणी धरायचं असतं, नाहीतर तो कच्चा राहतो. मी रोज पाहायचं, रोज वहीत सही करायची. एप्रिल होता. आमच्या बाया विहिरीत उतरून वाटीनं घागर भरत होत्या. पाण्याचा टँकर गुत्तेदारानं आणायचा होता. तीन दिवस आला, मग बंद. स्लॅब उन्हात तडकून राहिला होता. मी रोज तिथूनच जात होतो.

मग गुत्तेदारानं घरी बोलावलं. ज्या ओसरीवर माझा बाप कधी चढला नाही, तिथं मला खुर्ची दिली. कपबशीत चहा. "बसा बी.ए. साहेब." पुढं वही सरकवली. अठरा दिवस कोरे. मी भरले, एका बैठकीत. सह्या एकदम केल्यासारख्या दिसू नयेत म्हणून कधी निळा पेन, कधी काळा. ही अक्कल कुणी शिकवली नव्हती. माझीच. कुणी धमकावलं नाही, काही दिलं नाही. त्या खुर्चीसाठी केलं.

पाहणीला सविताची माय आली होती. सगळे हसले, ती हसली नाही. मला म्हणाली, "भाऊ, आमाला न्हाई कळत. तू तर शिकलेला. तुला बी दिसलं न्हाई का?"

मला कळलं नसेल, असं तिला वाटत होतं.

मी इंजिनिअरसमोर गेलो. म्हणालो, "अठरा सह्या खोट्या हायेत. पानी पडलंच न्हाई. लिहून देतो."

गुत्तेदार हळूच म्हणाला, "येड्या, आधी तूच अडकशील."

"अडकतो."

लिहून दिलं. पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं. चौकशी लागली, समितीतून मला काढलं. बराबरच केलं.

सविताचा हात खांद्याच्या वर जात नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी ती गप्प बसते. मला तिची माफी नको, मागणारही नाही. ती खोली पाडेपर्यंत एकही लेकरू आत बसू देणार नाही. आणि या तालुक्यात जिथं शाळेचा नवा स्लॅब टाकतील तिथं मी रोज शिडी लावून पाणी बघायला वर चढणार. कुणी नेमो न नेमो.