आप्पांची रेसिंग सीट

आप्पा सीटमध्ये अडकले होते आणि ते कबूल करायला तयार नव्हते.

रत्नागिरीत माझं गाड्यांच्या सीटचं वर्कशॉप आहे. फोम, कव्हर, फिटिंग, सगळं करते. आप्पा आमच्या ओळखीचे बागायतदार. हापूसची बाग पूर्णगडच्या बाजूला. गाडी जुनी. पुढच्या सीटचा फोम पार बसलेला, स्प्रिंगा टोचायच्या. त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, कंबरेपायी गाडीत बसणंच सोडलं होतं. गुहागरला बहिणीकडेसुद्धा एसटीने एकट्या जायच्या.

"ती परत गाडीत बसेल असं काहीतरी कर गो," आप्पा म्हणाले. "पण मी सांगितलं असं बोलू नको."

मी म्हटलं, "याच गाडीच्या टॉप मॉडेलच्या वापरलेल्या सीट मिळतात. बोल्टची भोकं तीच, रेल तीच." रेल म्हणजे सीट ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते ती. "स्वस्तात काम होईल."

पण आप्पांनी फोनवर बघून आधीच एक बकेट सीट मागवून डिकीत घालून आणली होती. रेसच्या गाडीत असते तशी. दोन्ही बाजू उंच, मधे खोल खड्डा. रंग लालभडक.

"त्याहून स्वस्त पडली!"

"हिची रेल तुमच्या गाडीला जुळत नाही, आप्पा. जुगाड करून बसवली आणि जोरात ब्रेक लागला, तर सीटच सुटेल. मी नाही बसवणार."

"तुला नवीन काही नकोच असतं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. "बरं, आधी ट्रायल घ्या," म्हटलं आणि सीट सरळ जमिनीवर ठेवली. ट्रायलसाठी स्टँड होता माझ्याकडे. मुद्दाम काढला नाही. आप्पा बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच. गुडघे छातीशी आले.

"कसं वाटतंय?"

"राजासारखं."

"मग उठा, मापं घेते."

"घाई कसली? चहा सांग."

चहा झाला. पेपर झाला. ओळखीची गिऱ्हाईकं नमस्कार करून गेली. आप्पांनी आशीर्वादासारखा हात हलवला. हातच तेवढे मोकळे होते. मी शिलाई मशीनवर मान घालून हसू दाबलं आणि गुपचूप माईंना फोन लावला.

माई रिक्षाने आल्या.

"काय हो, इथेच बिऱ्हाड थाटलंत?"

"सीट बघतोय. तुझ्यासाठी," आप्पांच्या तोंडून निसटलं.

माईंनी पदर खोचला.

"माझ्यासाठी? या टोपलीत? जळ्ळं मेलं लक्षण! द्या तो हात."

एक हात त्यांनी धरला, एक मी. आप्पा उठले तेव्हा सीटही थोडी त्यांच्याबरोबर उठली, मग धाडकन खाली पडली.

शेवटी टॉप मॉडेलच्याच सीट बसवल्या. माईंनी स्वतः बसून कंबरेमागे फोम वाढवून घेतला. आता त्या सगळीकडे गाडीतून जातात आणि आप्पांची तक्रार अशी, की बाजूला बसून ही सारखी ब्रेक मारायला सांगते.

लाल सीट कंपनी परत घेईना. ती माईंनी पडवीत ठेवली. आंब्याचा व्यापारी आला की त्याला तिथेच बसवतात, आणि दर ठरेपर्यंत हात देत नाहीत.

तेव्हा सीट घेताना नुसता फोटो बघू नका. बसून बघा. आणि मुख्य म्हणजे, उठून बघा.