मुठीची ज्वारी

आमच्या मोताळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत जात्यावर बसण्याआधी प्रत्येक बाई ज्वारीची एक मूठ मडक्यात टाकायची. ती देवाची मूठ. रविवारी ती वेदीपुढच्या रांजणात जायची आणि त्यावर पाळकाचं घर जेवायचं. मी बायबल बाई, घरोघरी जाऊन बायांना वचन वाचून दाखवणारी, त्यामुळे मुठीची आठवण करून देणंही माझ्याकडे.

त्या वैशाखात जुन्या पाळकांची बदली झाली. नवे पाळक बायको आणि तीन लेकरांसह मलकापूर स्टेशनावरून बैलगाडीने शनिवारी भर दुपारी आले. त्यांच्यासाठी ज्वारी काढायला मी रांजणात हात घातला, तर तो थेट तळाला लागला.

रांजणाचा हिशेब मंडळीच्या पंचांकडे असायचा. मी त्यातल्या थोरल्यांना गाठलं. "रांजण काऊन रिकामा झाला?"

"निरोपाचं जेवण झालं न, बाई. मिशनचे साहेब आले होते. त्यायले काय पाणी पाजून लावून देऊ?"

"मंग ह्या लेकरायले काय देऊ?"

"उद्या येते न अर्पण. देव पुरवते."

माझं डोकं फिरलं. उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बायांच्या तोंडचा घास साहेबाच्या पंगतीत गेला, आणि वर देवाचं नाव.

त्याच पावली मी घरोघर फिरले. दुसऱ्या दिवशी बायांनी आपली मडकी पाळकीणबाईंच्या ओट्यावर रिकामी केली. पंच धावत आले. "अर्पण वेदीपुढं ठेवा लागते, बाई."

"तिथली वाट तुमच्या पंगतीले ठाऊक झाली, भाऊ."

त्याच सांजेला आम्ही बायांनी रांजणही वेदीपुढून उचलून पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरात नेला. नंतर चार पाळक बदलले. रांजण अजून पाळकांच्या चुलीशेजारीच आहे.