काचेच्या पेटीतलं पाडस आणि आमचं रेडकू

थापा मारण्यात मी कधी कच्चा नव्हतो, पण लेकीला मारलेली एक थाप मला अजून टोचते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हातकणंगल्याजवळच्या आमच्या घरी एक म्हैस होती. तिचं रेडकू आठ दिवसांतच दगावलं. रेडकू समोर नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून आमच्याकडे करतात तेच केलं. कातड्यात पेंढा भरून घेतला, वरून मिठाचं पाणी चोळलं आणि ते रेडकू म्हशीच्या तोंडाशी उभं केलं. म्हैस चाटू लागली, बादली भरू लागली. डोळ्यांच्या जागी माझ्या जुन्या कोटाची दोन काळी बटणं मीच टाचली. म्हशीला डोळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. बटणं होती साडेचार वर्षांच्या लेकीसाठी. रेडकू गेलं तेव्हा ती आजोळी होती, आणि परत आल्यावर तिला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

"आजारी हाय," मी म्हणालो, "डाक्टरनं हलायचं न्हाय म्हटलंय."

तिला पटलं. रोज संध्याकाळी ती रेडकापुढं मूठभर गवत ठेवायची. पहाटे उठून मी ते उचलायचो, आणि रेडकानं खाल्लं म्हणून बाईसाहेब दिवसभर खूश. तिच्या आठ वर्षांच्या भावाला सगळं ठाऊक होतं. त्याला मी दम भरून ठेवला होता.

सुट्टीत दोघांना एसटीनं घाटाच्या वाटेवरचं निसर्ग माहिती केंद्र दाखवायला नेलं. तीनच खोल्या, पण पोरं रमली. फुलपाखरांचे तक्ते, मातीत उमटवलेले बिबट्याच्या पंजांचे ठसे, सुगरणीचं घरटं. मग एका काचेच्या पेटीपुढं लेक थबकली. आत भेकराचं पाडस उभं होतं. भेकर म्हणजे आमच्या जंगलातलं लहानसं हरीण.

"ह्ये आजारी हाय?" तिनं खाकी कपड्यातल्या रखवालदाराला विचारलं.

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. भुवया उडवल्या, खोकलो. पण माहिती सांगायची हौस त्याला दांडगी.

"न्हाय बाळ, मेलंय त्ये. कातडं काढून आत भुसा भरलाय. डोळं काचंचं हाईत." वर मलाच म्हणाला, "पावणं, पोरगी लई हुशार हाय की."

असा राग आला त्याचा. पण त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? खरं तेच सांगितलं. मला माझीच लाज वाटली. लेक काचेला नाक लावून ते डोळे बराच वेळ बघत राहिली. भाऊ स्वतःच्या चपलांकडे बघत उभा होता.

एसटीत ती नेहमी माझ्या मांडीवर बसायची. त्या दिवशी खिडकीशी, भावाजवळ बसली. चिरमुरे पुढं केले, ते घेतले नाहीत. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. हातकणंगले येईपर्यंत मी मनातल्या मनात दहा वेळा माफी मागितली.

घरी पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. ती तडक गोठ्यात गेली, मी तिच्या मागोमाग. म्हैस रेडकाची पाठ चाटत होती. लेकीनं एक बटण बोटानं हळूच दाबून पाहिलं.

"आबा, गवत तुमी काढत होता व्हय?"

"व्हय."

चुकलं माझं, असं म्हणणार होतो, तेवढ्यात तिनं आवाज खाली आणला.

"म्हशीला ठावं हाय?"

"न्हाय."

ती म्हशीकडे बघत राहिली. मग बाहेर जाऊन मूठभर गवत घेऊन आली आणि म्हशीला नीट दिसेल असं रेडकापुढं ठेवलं. मला खाली वाकायला लावून ती कानाशी म्हणाली,

"तिला सांगू नगा. आन् उद्याबी गवत काढा."