चकल्यांखालचा नकाशा

ग्रुपवरच्या बायांनो, आज मी माती खाल्ली.

दुपारी चकल्या तळल्या आणि तेल टिपायला टेबलावरचा मोठा कागद खाली पसरला. इंग्रजी मला वाचता येत नाही, सगळी रद्दीच वाटते.

तो यांचा नकाशा निघाला. इंग्लंडच्या खेड्यांतल्या खडीच्या वाटांचा. उन्हाळ्यात तिथे सायकलने फिरायचं म्हणून हे इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये बसून चार महिने त्यावर पेन्सिलने खुणा करत होते. आता एक खूण धड दिसत नाही.

मी म्हटलं, "अहो, ओरडा तरी!"

"राहू दे गं. चकली खुसखुशीत झालीय."

कितीदा बोलावलं होतं यांनी, "ये, बघ तरी." मी म्हणायचे, "कुकर लावलाय." एकदा बघितला असता, तर आज ओळखला असता.

आता 'दाखवा' कुठल्या तोंडाने म्हणू?