डाव्या पायाखालचं बटण

कोणतीही नवी गाडी दाखवली की शब्बीरचाचा आधी खाली वाकायचे. लोक बॉनेट उघडून बघतात, टायरला लाथ मारून बघतात. चाचा दार उघडून, गुडघ्यावर हात टेकवून, क्लचच्या डावीकडे काय आहे ते बघायचे. तिथे बटण नसलं की सरळ उभे राहून मालकाकडे कीव आल्यासारखं बघायचे. "गाडी चांगली हाय," ते म्हणायचे, "पन दिव्याचं बटन हातात दिलंय. हाताला काय कमी कामं हायत?"

हे बटण डिप्परचं. जुन्या जीपमध्ये ते क्लचशेजारी, खाली पत्र्यावर बसवलेलं असायचं. डाव्या पायाने एकदा दाबलं की हेडलाइटचा झोत वर, लांबवर जातो, तो अप्पर. पुन्हा दाबलं की झोत खाली रस्त्यावर येतो, तो डिप्पर. समोरून गाडी आली की डिप्पर द्यायचा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. नव्या गाड्यांत हेच काम स्टिअरिंगजवळच्या दांडीने होतं. एवढीच गोष्ट, पण तिच्यावरून चाचा महाडच्या निम्म्या ड्रायव्हरांशी भांडलेले होते. आणि मी, जिला डावं-उजवंही हातातलं घड्याळ बघून ठरवावं लागतं, त्यांची विद्यार्थिनी झाले.

मी पोलादपूरला प्राथमिक शिक्षिका. बदली कशेडी घाटाच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत झाली आणि तिथली एसटी शाळा भरून गेल्यावर यायची. म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला निघाले. सगळ्यांनी सांगितलं, शब्बीरचाचांकडे जा, त्यांच्याकडे शिकलेला माणूस कुठे अडत नाही. महाडला त्यांच्या घरासमोर एक पाटी आणि पाटीखाली एक जुनी जीप, एवढंच त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. मुलं आखातात स्थिरावली होती आणि वडिलांनी आता आराम करावा म्हणून फोनवरून भांडत होती. चाचा म्हणायचे, "जीप थांबली का मी थांबलो, बाई. मग मला खाटेवर टाकतील नि वर चादर घालतील."

शाळा सुटल्यावर, दिवेलागणीला, ते मला एका बंद गोदामाच्या भिंतीसमोर न्यायचे. भिंतीवर झोत टाकून अप्पर-डिप्परचा सराव. "हात चाकावर, पाय दिव्यावर," हा त्यांचा मंत्र. डॅशबोर्डवर अप्परची खूण दाखवणारा निळा दिवा असतो, तो त्यांच्या जीपमध्ये कधीचाच गेला होता. परतताना बाजारातल्या उजेडात झोत नीट कळायचा नाही; चाचा स्वतः चालवत असले तरी मध्येच विचारायचे, "बाई, आता काय हाय? अप्पर का डिप्पर?" मी घाईघाईत काहीतरी ठोकून द्यायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे. वर्गात पाढे चुकणाऱ्या मुलांची मला तेव्हा फार दया यायला लागली. त्या वर्षी मी कुणाला बाकावर उभं केलं नाही.

एकदा मी हिंमत करून विचारलं, "चाचा, वळणावर गिअर बदलताना डावा पाय क्लचवर असणार. तेव्हाच समोरून ट्रक आला तर डिप्पर कुठल्या पायाने द्यायचा?"

चाचांनी वाकून बटणाकडे बघितलं. "क्लच सोडायचा नि दाबायचं."

"मग गाडी हिसका खाईल."

"खाऊ दे. माजं ऐकते ती."

मी घरी येऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसून दोन्ही पाय हलवून बघितले. पायाचं बटण बरोबर की हाताची दांडी, माझं मत रोज बदलायचं. मी एक जुनी छोटी गाडी घेतली, तिच्यात दांडी होती. पहिल्याच दिवशी डिप्पर द्यायला गेले आणि कडकडीत उन्हात वायपर सुरू झाले. चाचांना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. "बघा! पायाखाली बटन एकच. चुकायला दुसरं नाय."

मग सवचा प्रकार झाला. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर चाचा अधूनमधून पाय शेकायला जायचे. एका रविवारी सरावाला म्हणून मला जीप तिकडेच घ्यायला लावली. त्यांनी डावा पाय पाण्यात सोडला आणि तोंड वाकडं केलं. "कुंड थंड झालंय गो, बाई. आधी काय चटका बसायचा!" मी हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. शेजारी बसलेला म्हातारा पण म्हणाला, आज पाणी जास्तच कडक आहे. चाचांनी आम्हा दोघांकडे बघितलं. "तुमची कातडी पातल हाय," म्हणाले आणि पाय तसाच ठेवून बसले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायाला पट्टी होती. "चप्पल लागली," म्हणाले. मी चप्पल बदला म्हणून सांगितलं. तिसरीच्या मुलांना बेरीज शिकवणाऱ्या बाईला ही बेरीज जमली नाही.

त्यानंतर एक दिवस जीपमध्ये बघते तर स्टिअरिंगजवळ एक काळं बटण! मी थक्क झाले. जन्मभर हाताच्या डिप्परला शिव्या घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने तारा ओढून ते बसवलं होतं. वर पायाखालचं बटणही चालूच ठेवलं होतं. जिन्यातल्या दिव्याला खाली एक, वर एक बटण असतं, तशी जोडणी. कुठलंही दाबलं तरी दिवा बदलणार. "तुमच्यासाठी केलं, बाई," ते म्हणाले. "तुमचा पाय कच्चा हाय." मला वाईटही वाटलं आणि आपल्यासाठी कुणी एवढी खटपट केली म्हणून बरंही वाटलं.

श्रावण लागायच्या आधीची गोष्ट. मला घाटाचा अंदाज यावा म्हणून चाचा दुपारी कशेडीत घेऊन गेले. वर पोहोचलो तर धुकं उतरलं. उतरताना ते चालवत होते, मी शेजारी. दिवे लावावेच लागले. समोरून एक टँकर आला, त्याने दोनदा दिवे मारले. चाचांनी पाय दाबला, मग हात बटणावर नेला. आमचा झोत खाली गेला आणि लगेच पुन्हा वर आला. टँकर आमच्या आरशाला चाटून गेला आणि ड्रायव्हर काच खाली करून काहीतरी ओरडला.

"आता काय हाय? अप्पर का डिप्पर?" चाचांनी विचारलं.

"चाचा, इथे तरी परीक्षा घेऊ नका!"

"परीक्षा नाय गो." त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "मला खरंच कलत नाय. पाय लागला का नाय, ते कलत नाय."

पाय लागला होता. पायाला ते कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी हाताचंही बटण दाबलं आणि खाली आलेला उजेड पुन्हा वर गेला. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे सवचं पाणी, पट्टी, काळं बटण आणि तो रोजचा प्रश्न एका ओळीत उभे राहिले. चाचा मला कधीच परीक्षेला बसवत नव्हते. ते मला विचारत होते, आणि मी ठोकून देत होते.

त्यांनी जीप कडेला घेतली. "कुनाला बोलू नकोस," म्हणाले. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले. आम्ही जागा बदलली आणि घाट मी उतरवला. प्रत्येक वळणावर ते विचारत होते आणि मी नीट बघून उत्तर देत होते. पोलादपूरच्या स्टँडजवळ थांबल्यावर मात्र मी म्हणाले, "तुम्ही घरी सांगा, नाहीतर मी सांगेन." चाचांनी मान फिरवली. महाडला कसे जाणार म्हणून विचारलं, तर जीप तिथेच सोडून ते एसटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

त्यांनीच घरी सांगितलं. रक्तातल्या साखरेने पायाची जाण गेलेली होती. दोन बोटं काढावी लागली. पाटी उतरली, जीप भंगारात गेली. मी बरोबर केलं का? डॉक्टर म्हणाले, पाय वाचला. चाची म्हणाल्या, माणूस मात्र खाटेवर पडून छताकडे बघतो. मी या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी अजून उभी आहे. चाचा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत.

मग पाय धुऊन नवी पट्टी करायला त्यांना दवाखान्यात नेण्याचं काम मी मागून घेतलं. दर शनिवारी, संध्याकाळी परतताना अंधारून यायचं. पहिल्याच शनिवारी समोरून गाडी आली आणि माझ्या डावीकडे ठप् असा आवाज झाला. चाचांनी मऊ चपलेतला डावा पाय खाली दाबला होता. तिथे रबरी पायपुसणं होतं, बाकी काही नाही. त्याच क्षणी योगायोगाने मी दांडी ओढली आणि झोत खाली आला.

"लागला," चाचा म्हणाले.

पुढच्या गाडीला मी मुद्दाम थांबले. ठप् ऐकलं आणि दांडी ओढली. मग दर शनिवारी आम्ही असेच यायचो. पाय त्यांचा, हात माझा. "बघा बाई, बटन खालीच पायजे," ते म्हणायचे. मी म्हणायचे, हो चाचा. दांडी मी ओढते, हे त्यांना ठाऊक होतं का? मी त्यांना फसवत होते, की ते मला? खूप विचार केला, मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या थंडीत चाचा गेले. दांडीची मला आता चांगली सवय आहे, वायपर लागत नाहीत. पण समोरून गाडी आली की माझा हात दांडीवर जाऊन थांबतो. डावीकडून आवाज येईल म्हणून मी वाट बघते. समोरचा वैतागून दिवे मारतो, मग मी डिप्पर देते.